अकरावीले काय करून राहिली?

जूनचा दुसरा आठवडा होता. पाऊस आला नव्हता, कूलर खिडकीतून उतरला नव्हता आणि नागपुरात नंदनवनातल्या आमच्या गल्लीत दहावीच्या निकालाचे पेढे वाटून झाले होते. संध्याकाळी शेजारचे भाऊ आले. इतवारीत ठोक किराण्याच्या दुकानात ते हिशेब पाहतात. पोरीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले होते. चहा निम्मा झाल्यावर त्यांनी विचारलं, "सर, पोरगी अकरावीले गेली. कोणता क्लास लावू?"

हा प्रश्न मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो तेव्हापासून ऐकतो आहे, निवृत्तीनंतर तर जास्तच. या प्रश्नात कॉलेज नसतं, शाखा नसते, पोरगी स्वतः काय म्हणते तेही नसतं. क्लास ठरला की क्लासवालेच सांगतात, कॉलेज अमुक घ्या, तिथं हजेरीची कटकट नाही. बापानं मग कर्जाऊ किंवा आईच्या भिशीतून पहिला हप्ता भरायचा आणि सुटलो म्हणायचं. पुढच्या प्रवेशाचं सगळं नियोजन झालं, अशी घराची समजूत होते. मला वाटतं, तोवर फक्त खरेदी झालेली असते. नियोजनाला अजून हातच लागलेला नसतो, आणि त्याला हात लावायची फुरसत ज्या एकाच वर्षात असते ते वर्ष त्या खरेदीत गेलेलं असतं.

अकरावीचं स्थान आपल्याकडे पहिल्यापासून चमत्कारिक आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला अकरावी म्हणजे मॅट्रिक. घरातला सगळ्यात मोठा निकाल तो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर १०+२+३ चा आकृतिबंध आला, दहावी बोर्डाची झाली, बारावी बोर्डाची झाली आणि मधली अकरावी उघडी पडली. परीक्षा कॉलेजनंच घ्यायची, पेपर कॉलेजनंच तपासायचे, गुण पुढे कुठं मोजायचे नाहीत. दहावीनं दमलेल्या पोरांना 'जरा श्वास घे' म्हणून मोकळं सोडायचं वर्ष, असा समज रूढ झाला तो त्यामुळं.

गुण मोजत नसले तरी अभ्यासक्रम मात्र मोजला जातो, ही त्यातली गोम. राज्याच्या एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला वीस टक्के वजन आहे. गणिताच्या ५० प्रश्नांपैकी १० अकरावीचे, आणि गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. नीटमध्ये तर जवळपास निम्मा पेपर अकरावीवर निघतो. जेईईत अकरावी-बारावी असा भेदच उरत नाही. म्हणजे ज्या वर्षाचा निकाल कोणी विचारत नाही, त्याच वर्षाच्या अभ्यासावर पुढचे दरवाजे उघडतात. ही गोष्ट पालकांच्या आधी, शाळांच्या आधी, सरकारच्याही आधी क्लासवाल्यांच्या ध्यानात आली. मोकळा प्लॉट दिसला, त्यांनी कुंपण घातलं. त्यांना दोष देताना एवढी हुशारी त्यांच्या नावावर मांडावीच लागते.

कुंपण घातल्यावर आत जे उभं राहिलं त्याला कोणी 'इंटिग्रेटेड' म्हणतं, कोणी सरळ 'डमी'. नाव कॉलेजात, पोरगं क्लासात. जून २०१८ मध्ये राज्य सरकारनं विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच रोगावर. यंत्रं आली. रोगानं यंत्रांशी जुळवून घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नका, दहावीच्या परीक्षेनंतरच नोंदणी करा. आठवीपासूनच्या 'फाउंडेशन' बॅचच्या पाट्या आजही चौकाचौकांत आहेत. पोळ्याच्या पाडव्याला आमच्याकडे मारबतीसोबत बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, गावावरची पीडा गावाबाहेर न्यायला. दरवर्षी नव्या पीडेचा नवा बडग्या असतो. डमी कॉलेजचा बडग्या काढायला मात्र कोणी धजायचं नाही. मिरवणुकीतल्या निम्म्या घरांनी तिथंच फी भरलेली असायची.

यावर पालकांचं उत्तर तयार असतं, आणि ते पोकळ नाही. "सर, कॉलेजात शिकवतेच कोण?" मी अठ्ठावीस वर्षं त्या वर्गात उभा होतो, तेव्हा हा वार माझ्यावरच आहे. २००१ नंतर 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर ज्युनिअर कॉलेजं निघाली, तिथं तासिकेवर आलेला तरुण शिक्षक आपल्याच पोटाची चिंता करत फळ्याकडे वळायचा. अनुदानित कॉलेजात निवृत्तांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या गेल्या नाहीत. प्रयोगशाळेत बाटल्या होत्या, रसायनं नव्हती. अशा जागी पोर का बसेल? क्लासनं कॉलेज मारलं हे अर्धंच खरं. कॉलेज आधीच आजारी होतं.

पण याच वादात लोक लातूरचा दाखला देतात तेव्हा मला हसू येतं. लातूर पॅटर्न उभा केला तो राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी, त्यांच्याच प्राध्यापकांनी, कॉलेजच्याच भिंतींच्या आत. जादा तास, सराव परीक्षा, तपासलेला पेपर पोराच्या हातात देऊन चूक दाखवणं, एवढंच ते होतं. क्लासांचं जंगल तिथं नंतर वाढलं. लातूर पाहून शिकायचं असेल तर धडा असा निघतो की कॉलेजनं मनावर घेतलं तर होतं. आपण नेमका उलटा धडा घेतला.

असो. क्लास लावावा की लावू नये हा माझा वादच नाही. लावा. वाद आहे तो क्लास लावल्यावर बाकी सगळं आपोआप होईल या विश्वासाशी. क्लास परीक्षेची तयारी करून देतो. कुठं अर्ज करायचा, कशासाठी करायचा आणि अर्जासोबत काय जोडायचं, या तीन गोष्टी त्याच्या पोथीत नाहीत, आणि नागपूरच्या पूर्व भागातल्या पोरांच्या जागा मी जाताना पाहिल्या त्या बऱ्याचदा याच तिन्हींपायी.

पहिली गोष्ट, कुठं. माझ्या चुलत भावाची मुलगी न्यू जर्सीत. तिथं अकरावीला 'ज्युनिअर इयर' म्हणतात, आणि त्या वर्षाच्या वसंतातल्या सुट्टीत मायबाप पोरांना गाडीत घालून कॉलेजं दाखवत फिरतात. वसतिगृह कसं आहे, खानावळ कशी आहे, प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या पोरांना हात लावू देतात का, हे पोरगं स्वतः विचारतं. उन्हाळ्यात ६५० शब्दांचा निबंध लिहायला बसतं, मी कोण आणि मला काय हवंय. तिथं सगळं सोवळं आहे असं नाही. मार्च २०१९ मध्ये तिथं जे प्रकरण उघडकीला आलं त्यात श्रीमंत पालकांनी दलालाला पैसे चारून पोरांना खोटे खेळाडू ठरवलं होतं. निबंध लिहून देणारेही तिथं दुकान मांडून बसलेत. पण कॉलेज निवडण्याआधी ते डोळ्यांनी पाहावं, एवढी साधी रीत त्यांच्यात आहे.

आमच्या गल्लीतली पोरं रोज क्लासला जाताना केडीके कॉलेजवरून जातात. १९८४ पासून ते अभियांत्रिकी महाविद्यालय या वस्तीत उभं आहे, महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री कर्मवीर दादासाहेब कन्नमवार यांच्या नावानं. आत कोणत्या शाखा आहेत, हे मी सहा पोरांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही, बसथांबा मात्र सगळ्यांना ठाऊक. व्हीएनआयटी इथून आठ-नऊ किलोमीटर. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांसाठी असतात, हे कळल्यावर दोघांचे डोळे मोठे झाले. अमरावती रस्त्यावरचं एलआयटी, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली सुरू झालेलं आणि आता स्वतःचं विद्यापीठ झालेलं. तिथं रंग आणि लेप यांचं तंत्रज्ञान शिकवतात, तेल आणि अन्नाचं शिकवतात. 'सरफेस कोटिंग' ऐकून एका पोरानं विचारलं, "म्हणजे पेंटर का, सर?" मी हसलो नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, की घराच्या भिंतीपासून रेल्वेच्या डब्यापर्यंत सगळ्यावरचा रंग कोणीतरी रसायनशास्त्र शिकून बनवलेला असतो.

महाराजबागेशेजारचं कृषी महाविद्यालय १९०६ चं. पशुवैद्यकीय महाविद्यालय इथंच, मिहानला एम्स, नीरीसारखी पर्यावरणाची राष्ट्रीय संस्था गावातच, कापसाची केंद्रीय संशोधन संस्था गावाच्या वेशीवर, शासकीय चित्रकला महाविद्यालय, विधी विद्यापीठ. आणि अकरावीच्या पोराच्या डोक्यात किती पर्याय? दोन. एमबीबीएस आणि कॉम्प्युटर. २०२४ साली नीटला देशभरातून २४ लाखांहून अधिक मुलांनी नोंदणी केली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. बाकीच्यांना हे आधीच ठाऊक असायला हवं, की पशुवैद्यकालाही नीटच लागतं, औषधनिर्माणशास्त्राला आणि कृषीला सीईटीनं जाता येतं, आयसरसाठी वेगळी परीक्षा असते, एनडीएची वर्षातून दोनदा होते आणि २०२१ पासून मुलींनाही देता येते. हे सगळं बारावीच्या मेमध्ये शोधायला बसलं की बहुतेकांची मुदत उलटलेली असते. मग जुलैत सायबर कॅफेवाला कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, विकल्प अर्जात कॉलेजांची ओळ लावून देतो. पोराच्या चार वर्षांचा क्रम त्या कॅफेवाल्यानं ठरवलेला असतो, पन्नास-शंभर रुपयांत. आणि पहिला पर्याय लागला की 'ऑटो-फ्रीज'. माघार नाही.

दुसरी गोष्ट, कशासाठी. अकरावीत विषय निवडताना आपण दरवाजे लावून घेतो आणि त्याचा आवाजही होत नाही. गणित सोडलं की अभियांत्रिकी गेली, जीवशास्त्र सोडलं की वैद्यकीय गेलं. दोन्ही ठेवली तर "ओझं होते". सोळाव्या वर्षी पोराला नक्की कळत नसेल तर ओझं सहा महिने वाहू द्यावं, असं माझं मत. नकोसं वाटलं की टाकता येतं, आधीच टाकलेलं परत उचलणं अवघड. विदर्भात त्यातून बायफोकलची भारी हौस. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचा दोनशे गुणांचा विषय घ्यायचा, त्याच्या बदल्यात एक भाषा आणि एक विषय सुटतो. नाहीतर माहिती तंत्रज्ञान घेऊन मराठी सोडायची, 'स्कोअरिंग' म्हणून. २०२० चा मराठी सक्तीचा कायदा दहावीपर्यंतच आहे. म्हणजे इंजिनिअर झालेल्या पोराचं मराठी कायमचं पंधराव्या वर्षाचं राहतं. हे कोणाला खटकत नाही याचं मला नवल वाटतं. पण मी म्हातारा माणूस, मला बऱ्याच गोष्टींचं नवल वाटतं.

"सोळा वर्षांच्या पोट्ट्याले काय समजते?" असं भाऊ म्हणाले तेव्हा मी त्यांना उलट विचारलं, की तेरा वर्षांच्या पोराला फाउंडेशनमध्ये घालताना कोणाला समजलं होतं? मुलाला सगळं समजत नाही हे खरंच आहे. म्हणून तर अकरावी हवी. चुकून पाहायचं, विचारायचं, एखाद्या इमारतीत शिरून 'हे आपलं नाही' म्हणत बाहेर पडायचं. बारावीत हा खर्च परवडत नाही.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ती कोणी गंभीरपणे घेत नाही. टक्के कमी पडून जागा गेली की घर रडतं, कागद कमी पडून गेली की घर नशिबाला बोल लावतं. राखीव प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर जात प्रमाणपत्रावर भागत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. २००१ पासून लागू असलेल्या कायद्यानं ते बंधनकारक आहे. पडताळणी समितीपुढे पुरावा द्यायचा तो आजचा नाही. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, इतर मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे पोरीच्या अर्जाला तिच्या पणजोबाची सही लागते म्हणा ना.

पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला आमच्याकडची गंमत चटकन कळायची नाही. पूर्व नागपूरची वस्ती आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली, भंडारा, गोंदिया, काही बालाघाट, सिवनी, छिंदवाड्याकडची. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि बालाघाट एकाच प्रांतात होते, नागपूर तर राजधानीच. पणजोबांच्या वेळी जी एका प्रांतातली दोन गावं होती, त्यांच्या मधून आज राज्याची सीमा जाते, आणि पुरावा सीमेपलीकडच्या तहसिलीत पडून आहे. शाळेचा दाखल-खारीज मिळाला तर बरं. नाहीतर कोतवाल बुकाची नक्कल. गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहायचा त्या वहीतलं पान, पिवळं पडलेलं, कडेनं वाळवीनं खाल्लेलं, आणि त्यात नाव एका तऱ्हेनं, आजोबांच्या टीसीवर दुसऱ्या तऱ्हेनं. वंशावळीचं शपथपत्र, दोन नावं एकाच माणसाची असल्याचं दुसरं शपथपत्र. हे काम तीन आठवड्यांत होत नाही. आठ-दहा महिने धरून चालावं.

जातीच्या नोंदीचा प्रश्न या भागात किती खोल आहे, ते हलबा-कोष्टी प्रकरणानं दाखवलं. विणकरांच्या या समाजाचा अनुसूचित जमातीचा दावा सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००० मध्ये नाकारला. खटला मुळात एका वैद्यकीय प्रवेशाचाच होता, १९८५-८६ चा. निकाल लागेपर्यंत तो विद्यार्थी डॉक्टर होऊन गेला होता, आणि अंतिम झालेले प्रवेश न्यायालयानं अबाधित ठेवले. बाजू कोणतीही घ्या, एका अर्जाचा कागद पंधरा वर्षं माणसाचा पाठलाग करू शकतो, हे पूर्व नागपुरात वेगळं शिकवायला नको होतं. तरीही दरवर्षी जुलैत सेतू केंद्रापुढे तीच रांग, तेच हातात फाइल घेतलेले बाप, आणि सरकार मुदतवाढ देईल या भरवशावर बसलेली घरं. मुदतवाढ मिळतेही. पण ती कृपा आहे, तिच्यावर पोरीचं वर्ष लावू नये.

वैधतेचा अर्ज अकरावी विज्ञानात असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. कॉलेज डमी असेल तर प्राचार्यांची सही आणायला कोण जाणार आणि कोणाला विचारणार, हा डमीचा आणखी एक तोटा जाहिरातीत छापत नाहीत. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं, तेव्हा ते कोणत्या ३१ मार्चला संपतं ते आताच पाहून ठेवायचं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आर्थिक दुर्बलांचं प्रमाणपत्र, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पैशाचंही तसंच. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, आणि खाजगी विद्यापीठं, अभिमत विद्यापीठं त्यात नाहीत. ज्या बापाला हे ठाऊक नसतं तो घाबरून मेमध्येच एखाद्या चकचकीत खाजगी विद्यापीठात जागा 'बुक' करतो, आणि जी पोर फुकट शिकली असती तिच्यासाठी कर्ज काढतो. अशी तीन घरं मी याच गल्लीत पाहिली.

आणि बोर्डाचं राहिलंच. "बोर्ड पास झालं की झालं" हे क्लासचं लाडकं वाक्य. जेईईतून एनआयटीत जायला बारावीत ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत नाव. सीईटीच्या अभियांत्रिकीलाही पीसीएममध्ये ४५ टक्क्यांची अट आहे, राखीवला ४०. जेईईत उत्तम पर्सेंटाइल आणि बोर्डात ७१ टक्के, असा एक पोरगा माझ्या व्हरांड्यात तासभर गप्प बसून गेला आहे.

त्या जूनच्या संध्याकाळी मी भाऊंना क्लासचं नाव सांगितलं नाही. पोरीला बोलवा म्हटलं. ती आली, ओढणीला हात पुसत, भांडी घासत होती. काय आवडतं विचारल्यावर बापाकडे पाहिलं, मग म्हणाली, जीवशास्त्र, पण डॉक्टर व्हायचं नाही, माती तपासायची आहे. शाळेच्या सहलीत कुठंतरी मातीचे थर पाहिले होते म्हणे. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था याच शहरात आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. भाऊ तर चहाचा कप खाली ठेवायचाच विसरले.

क्लास लागला, मी विरोध केला नाही. कॉलेज मात्र तिनं हजेरी घेणारं निवडलं. सप्टेंबरात कागद काढायला बसलो तर भाऊंच्या आजोबांचा एकही दाखला घरात नाही, गाव तुमसरकडचं. म्हाताऱ्या काकांना आठवतं, की कोतवाल बुकात आपल्या थोरल्या भावाच्या जन्माची नोंद होती, नाव मात्र घरात हाक मारायचे ते.

येत्या शुक्रवारी ते काकांना घेऊन तुमसरच्या तहसिलीत निघालेत, शनिवारी ऑफिस बंद म्हणून. पोरगीही सोबत जायचं म्हणते. त्याच दिवशी क्लासची टेस्ट आहे. "बुडू दे एक," भाऊ म्हणाले, आणि मला विचारलं, नक्कलेसाठी अर्ज साध्या कागदावर चालते का स्टँप लागते.